इतर

भंगारवाला तुर्भ्याहून चारला येणार होता.
त्याआधी, मिहीर म्हणाला, मामी, हे एकदा चालवून बघ,
कुणाचं काय काय आत राहिलं असेल,
आणि पेनड्राइव्ह डब्यावर ठेवून क्लासला गेला.

पंधरा वर्षांचा डबा. दिवाणाशेजारी,
क्रोशाच्या रुमालाखाली. कोपरखैरणे, सेक्टर पंधरा,
आमच्या बिल्डिंगीतले सगळे फॉर्म यानेच भरले:
सिडकोची लॉटरी, पासपोर्ट, अकरावीचे प्रवेश,
कडू आजोबांचा हयातीचा दाखला, दर नोव्हेंबरला.
हे फुकट भरून द्यायचे.
मी चहा करायची.

पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागली.
आकड्यांचा वास घेत हिंडतं म्हणे ते:
बारा सलग दिसले की आधार,
पाच अक्षरं, चार आकडे, पुन्हा एक अक्षर, की पॅन,
सोळा आले की कार्ड.
वाचता काहीच येत नाही त्याला.
दिवाळ्याहून मासळी आणणारी चांगुणा अशीच होती,
अक्षर ओळखायची नाही,
सुट्ट्या पैशांत मात्र कधी चुकली नाही.

पहिलं कार्ड सापडलं ते कार्ड नव्हतंच.
माझी साखर होती. सहा महिन्यांची,
एकशे बेचाळीस, एकशे अठरा, दोनशे सहा,
सत्त्याण्णव, एकशे चौतीस, ऐंशी,
यांनी मधे जागा न सोडता टाइप केलेली.
धोका: उच्च, असं लाल अक्षरांत आलं.
डॉक्टर तरी वेगळं काय म्हणाले होते?

मग शेजारी येऊ लागले.
तिसऱ्या मजल्यावरचे बोंद्रे, दोन जन्मतारखा घेऊन.
सुलक्षणा, जिचा नवरा मस्कतला असतो,
तिच्या फॉर्मवर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात
घटस्फोटित.
रविवारी कपडे वाळत घालताना ती मला
त्याचा फोन आला होता म्हणून सांगते,
तिकडे उकाडा किती आहे, तेही.
यंत्राने नुसती ओळ दाखवली होती.
उघडून बघितलं ते मी.

मागे हे पेपर वाचत होते.
पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

एकशे अठ्ठ्याऐंशी.
फोल्डर: इतर. त्यात इतर दोन. त्यात नवीन फोल्डर.
कर्जदार, नारायण गणपत शेलूकर.
जामीनदार, आणि पुढे आमच्या दारावरच्या पाटीवर आहे
ते नाव, तीच शेपूट ओढलेली सही.
हप्ता चार हजार सहाशे.
एकोणतीस पावत्या, मार्च दोन हजार बारापासून,
सगळ्या एकाच खात्यातून.
ओट्याला ग्रॅनाइट पुढच्या वर्षी,
असं दोनदा झालं,
ती वर्षं.

मी खात्याचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचले.
हा नंबर आपला का?
बंद झालं ते, हे म्हणाले.
आणि जरा वेळाने,
शेलूकरही.

खाली तीन बटणं:
झाका. नष्ट करा. दुर्लक्ष करा.

सुलक्षणाचं नष्ट केलं, या वेळी न बघता.
बोंद्र्यांच्या दोन्ही तारखा नष्ट,
आता ते कधी जन्मले ते त्यांचं त्यांना माहीत.
साखरेकडे दुर्लक्ष.
एकशे अठ्ठ्याऐंशीवर माऊस नेला
आणि हात तसाच राहिला,
परक्याच्या घरात कुठे बसायचं न कळून
माणूस उभाच राहतो, तसा.

चारला बेल वाजली.
हे उठले. साखळी न काढता
दाराच्या फटीतून म्हणाले, उद्या ये बाबा.
परत येताना स्वयंपाकघराच्या दारात थांबले,
ओट्यावरून एकदा तळवा फिरवला,
कडप्प्याचा कोपरा उडालाय, तिथे थांबवला.
काय भाव चाललाय गं ग्रॅनाइटचा?
माझ्याकडे न बघता.

दुधाचं पातेलं कुठे आहे तेही त्यांनीच शोधलं.
मी पुढची ओळ उघडली नाही.
सव्वीस अजून होत्या.